क्लिकर: गावठी कुत्रीसोबत वर्षभर वापरल्यानंतर

क्लिकर म्हणजे मुठीत मावणारी प्लॅस्टिकची डबी, आत पोलादाची पातळ पट्टी. दाबली की 'टक्' वाजते. शंभर-दीडशे रुपयांत मिळते. आमची रंगी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेली गावठी कुत्री. तिला वर्षभर आम्ही याच डबीने शिकवतोय, आणि घरी पिल्लू आलेल्या प्रत्येकाला मी ती घ्यायला सांगते.

आधी त्या आवाजाला अर्थ द्यावा लागतो. टक्, की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. बदल्यात काही मागायचं नाही. आवाज ऐकून ती हाताकडे बघायला लागली की पुढचं सुरू करायचं. चिकन बिनमिठाचं आणि बिनकांद्याचं हवं. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असतो, मनुकेही. आणि जेवढं शिकवताना खाल्लं, तेवढं ताटलीतून कमी.

डबीच कशाला, नुसता खाऊ का नाही? 'बस' म्हटल्यावर ती बसते, आपण खिशात खाऊ चाचपतो, तोवर ती उठलेली असते. खाऊ मिळतो तो उठल्याबद्दल! टक् मात्र बूड टेकलं तो क्षण पकडते. खाऊ मग दोन सेकंदांनी दिला तरी चालतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४०च्या दशकातच अमेरिकेत ही युक्ती प्राण्यांवर वापरली. डॉल्फिनला शिकवणाऱ्यांची शिट्टी हेच काम करते.

खरा कस लागला तो रस्त्यावर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वडापावची गाडी आणि कचऱ्याचा कंटेनर आहे, आणि तिथे चार-पाच कुत्र्यांचं राज्य. रंगी पट्टा ताणून खेचायची. मग नियम ठरवला: पट्टा ताणला की मी जागच्या जागी उभी, सैल झाला की टक् आणि गुडघ्याजवळ खाऊ. पहिले काही आठवडे आम्ही फाटकापासून विजेच्या खांबापर्यंतच पोचायचो. समोरची कुत्री दिसली, पण रंगी अजून भुंकली नाही, तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, तेवढ्यालाही टक्. हे फार लांबून सुरू करावं लागतं. अंतर कमी झालं की ती चिकनकडे ढुंकूनही बघत नाही. छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगाला बांधायचा पट्टा) सोबत घेतला, त्याचीही मदत झाली. आज ती त्या गाडीपुढून सैल पट्ट्यावर चालते.

याच काळात एका प्रशिक्षकाने चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घालून झटका द्यायला सांगितलं होतं. मी ते केलं नाही. पोर्तुगालमध्ये २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२ कुत्री पाहिली होती: दटावून, झटके देऊन शिकवणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त होती, प्रशिक्षणानंतर कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरकही वाढलेलं होतं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेनेही २०२१मध्ये फक्त बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापरा, असं स्पष्ट सांगितलं. माझ्यापुरता तो विषय तिथे संपला.

उणिवाही आहेत. पट्टा, डबी, खाऊ आणि पावसाळ्यात छत्री, हात पुरत नाहीत. टक् आवाज कर्कश आहे. भित्र्या पिल्लासाठी डबी खिशात ठेवून किंवा रुमालात गुंडाळून वाजवावी. दिवाळीतल्या फटाक्यांपुढे तिचा काही उपयोग नाही. तिथे बंद खोली, पंख्याचा आवाज आणि गरज पडली तर डॉक्टरांचं औषधच.

सासूबाईंना डबी हातात धरायला आवडत नाही. त्या 'हां!' म्हणतात, दरवेळी तसाच तोकडा, आणि रंगीला तोही पुरतो. पूर्वी त्या टेबलाखालून पोळी द्यायच्या. आता आधी बसवतात, मग देतात. घरातल्या सगळ्यांचे नियम एक झाले तेव्हाच तिचं टेबलापाशी भुंकणं थांबलं.

'बस', 'थांब', 'ये' यांना आता डबी लागत नाही. खाऊ अधूनमधून, कौतुक नेहमी. नवीन काही शिकवायचं असलं की डबी पुन्हा बाहेर येते. सध्या नखं कापायला पाय हातात देणं चाललंय. पुढचे दोन ती देते, मागच्यांवर काम सुरू आहे.