स्टीलचं ३०-६० पेगमाप : काम चोख, पण बाटली ओट्यावर ठेवा

डमरूच्या आकाराचं माप. एका अंगाला ३० मिलि, म्हणजे स्मॉल; उलटं केलं की ६०, लार्ज. शे-दोनशे रुपयांत मिळतं. आणल्यावर आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तपासा : रिकामं माप ठेवून काटा शून्यावर आणा आणि पाणी भरा. लहान बाजूचं पाणी ३० ग्रॅम भरलं पाहिजे. काही मापांत खरी रेघ काठाच्या खाली, आतून कोरलेली असते. तिथे काठोकाठ भरलं की प्रत्येक पेगला जास्तीचं जातं. बाटलीच्या तोंडात प्लास्टिकची गोळी असेल तर धार गचके खात येते, तेव्हा शेवटचे थेंब सावकाश. मंद दिव्यात बाजू उलटी धरली जाते, हा नेहमीचा घोटाळा.

घरी हे माप लागतं, कारण परमिट रूममध्ये मोजायचं काम आपल्याला करावंच लागत नाही. वेटर मापून ओततो, ‘रिपीट?’ विचारतो, बिलावर आकडा चढत जातो. घरी ना वेटर, ना बिल. बुटक्या, रुंद ग्लासात दोन बोटं म्हणजे किती, हे ग्लासाच्या तळावर ठरतं. त्यात बर्फ पडला की अंदाज पुरताच बोंबलतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ‘क्वार्टरच तर आहे’ म्हणणाऱ्याने १८० मिलि म्हणजे सहा स्मॉल, हे लक्षात घ्यावं.

मापाची खरी हार होते ती टेबलावर. बाटली हाताशी, समोर मॅच, अर्ध्या ग्लासात ‘थोडीशीच’ भर : इथे मोजणी तुटते, माप कितीही चोख असो. म्हणून ग्लास पूर्ण रिकामा झाल्याशिवाय ओतायचं नाही, आणि बाटली व माप दोन्ही ओट्यावर. दर पेगला उठावं लागतं, तेवढ्यात ‘पुढचा हवाय का?’ हा प्रश्न तरी पडतो. खारे शेंगदाणे आणि फरसाण तहान वाढवतात. शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवा, नाहीतर तहानेपोटीही ग्लासच उचलला जातो.

धुताना मधल्या सांध्यात वास राहतो, बाटलीचा ब्रश फिरवा.

बिअरवाल्यांना मात्र उपयोग शून्य. ८ टक्क्यांच्या स्ट्राँगची ६५० मिलिची बाटली चार स्मॉलच्या बरोबरीची, आणि ती अख्खीच समोर येते.