सोसायटीतल्या जुन्या घराची दुरुस्ती, गवंडी आबांचं काम

धुळ्यात किंवा आसपास कोणाचं चुन्यातलं जुनं कौलारू घर असेल आणि भिंतीला तडे जात असतील तर पाडायचा निर्णय घेण्याआधी हे वाचा. आमचं काम ज्या गवंड्यांनी केलं त्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांना आपलं नाव-नंबर नेटवर नको आहे म्हणून टाकत नाही, पण काम कसं केलं ते सगळं लिहितो.

घर गिरणी कामगारांच्या सहकारी सोसायटीतलं आहे. नाना म्हणजे माझे आजोबा गिरणीत विणकाम खात्यात साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी योजना काढली, त्यात राज्य सरकारला पैसे मिळायचे, मालकांना मिळायचे आणि कामगारांनी स्वतः सोसायटी रजिस्टर केली तर तिलाही मिळायचे, चौथा हिस्सा अनुदान, बाकीचं बरंचसं कर्ज, आणि उरलेलं कामगाराने स्वतः घालायचं. आमची सोसायटी अशीच उभी राहिली. मालकाच्या चाळीत नोकरी गेली की खोली गेली, इथे हप्ते फिटले की घर कायमचं आपलं. गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या लाईनीतल्या, म्हणजे घरांच्या रांगेतल्या, कोणालाच घर सोडावं लागलं नाही, हे मी लहानपणी स्वतः पाहिलंय आणि म्हणून या घरांबद्दल मला जरा जास्तच वाटतं.

आपल्याकडे हौसिंग सोसायटीची सुरुवात मुंबईत गावदेवीच्या सारस्वत सोसायटीपासून धरतात, १९१५ साल, तळमकींच्या पुढाकाराने. पण ती नोकरदार लोकांची, गिरणीतल्या माणसापर्यंत हे यायला खूप वर्षं गेली. नानांचे मोठे भाऊ वरळीला बीडीडी चाळीत राहायचे, १६० चौरस फुटाची एक खोली, दोन्हीकडे खोल्या आणि मधून अंधारा पॅसेज, संडास मजल्यावर सामाईक. ते सुट्टीत धुळ्याला आले की पहिले दोन दिवस ओट्यावरून उठायचेच नाहीत असं आजी सांगायची.

कारण ओटा हीच या घरांची खरी बैठक. पुढे ओटा, मग दोन खोल्या एकामागे एक, मग स्वयंपाकघर, मागे छोटं अंगण आणि अंगणाच्या टोकाला संडास, त्याच्यामागे सफाईची गल्ली. लाईनी पूर्व-पश्चिम टाकल्यात म्हणजे घरांची तोंडं उत्तरेला किंवा दक्षिणेला, त्यामुळे संध्याकाळचं पश्चिमेचं ऊन फक्त लाईनीच्या टोकाच्या घराला लागतं, बाकीच्यांची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली. पुढचं दार, मधलं दार आणि मागची खिडकी एका रेषेत, सगळं उघडलं की वारा आरपार जातो. भिंती दीड विटेच्या, म्हणजे चौदा इंच, दुपारी भिंतीला पाठ लावून बसलं तर थंड लागते. तेव्हा सिमेंटवर कंट्रोल होता, परमिटशिवाय मिळायचं नाही, म्हणून बांधकाम चुन्यात. वर सागाचे वासे, रिपा आणि मंगलोरी कौलं, गरम हवा कौलांच्या फटीतून निघून जाते. मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो आपल्याकडे, आणि ज्यांनी लाईनीत घर पाडून स्लॅब टाकलाय ते रात्री बाराला सुद्धा आत झोपू शकत नाहीत, आम्ही झोपतो.

आता मुद्द्याचं. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात खिडकीच्या वरच्या कोनातून तिरपा तडा गेला होता, सुरुवातीला केसासारखा, मग दरवर्षी वाढत करंगळी जाईल एवढा झाला. सहा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराला दिलं, त्याने तडा सिमेंटने भरला आणि खालून चार फूट आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला, चकाचक दिसायचं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गिलाव्याच्या वर लोणा, म्हणजे पांढरे क्षार, फुटायला लागला, रंगाचे पापुद्रे निघायला लागले आणि तडा त्याच जागी परत उघडला. मग एक इंजिनिअर येऊन पाच मिनिटं बघून म्हणाले पाडा, यात काही राहिलं नाही. आई त्या दिवशी जेवली नाही.

आबांचं नाव शेजारच्या लाईनीतल्या काकूंनी सांगितलं. ते आले, ओळंबा लावून भिंत बघितली, हाताने थोपटून कुठे पोकळ वाजते ते बघितलं, आणि काही न बोलता तड्यावर तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या बसवल्या, दोन्ही टोकांना सिमेंटचा ठिपका देऊन, बाजूला पेन्सिलीने तारीख. भिंत हलत असेल तर काच तुटते, शांत असेल तर राहते. पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यातच दोन तुटल्या, दोन्ही खालच्या. मग त्यांनी कोपऱ्याबाहेर खड्डा घेतला. पुढच्या बाजूला पाया मुरमावर बसलाय, पण मागच्या कोपऱ्यात मुरूम खोल आहे आणि तिथे पाया काळ्या मातीतच थांबलाय, आणि ती माती चिखल झालेली. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात सुकून आवळते, भेगा पडतात, शेतात आपण सगळे बघतो ते. नानांच्या काळी हा कोपरा कोरडा होता म्हणून पन्नास वर्षं काही झालं नाही. आम्ही स्वयंपाकघराच्या मागे नवी मोरी काढली तिचा पाईप जमिनीखाली फुटला होता, सगळं पाणी या एकाच कोपऱ्याच्या पायात. आबा आईला म्हणाले, "माय, भिंत आजारी नही शे, तिना पाय ओला शेतस."

काम असं झालं. आधी पाईप बदलला. भिंतीलगत दोन फूट रुंद चर घेऊन काळी माती काढली, मुरूम भरून थराथराने पाणी मारून चोपला, वर शहाबादी फरशी उतार बाहेर देऊन बसवली, म्हणजे पावळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब जातं. मग सिमेंटचा सगळा गिलावा टाचून काढला आणि भिंत तशीच उघडी ठेवली, चार महिने! आम्हाला वाटलं हे आता येतच नाहीत. पण ओल निघून जायला तेवढा वेळ लागतोच, जुनी वीट आणि चुना दोन्ही पाणी शोषतात आणि सोडतात, वरून सिमेंट मारलं की ओल बाहेर यायला जागा नाही, मग ती वर चढते आणि क्षार घेऊन वरच्या बाजूला फुटते. आमचा लोणा गिलाव्याच्या बरोबर वरच का होता ते तेव्हा समजलं.

तड्यातल्या फुटलेल्या विटा एकेक काढून नव्या दातेरी सांध्यात बसवल्या, चुन्यात. चुना टाकीत पंधरा दिवस विरवलेला, लोण्यासारखा. मी हातात घेऊन बघितला, थंडगार आणि जड. गिलावा झाल्यावर ओले गोणपाट बांधून ठेवले आणि दिवसातून चार वेळा पाणी मारायची ड्युटी आईने स्वतःकडे घेतली.

नाराजी पण लिहितो. कोटेशन लेखी देत नाहीत, हजेरीवर काम आहे, माणसं आणि दिवस मोजायचे, त्यामुळे शेवटी किती होईल सांगता येत नाही, आम्ही वहीत रोज लिहून ठेवलं म्हणून बरं झालं. पक्कं बिल मिळत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माणसं गावाला गेली ती आठ दिवसांनी आली, तेव्हा ऐन उन्हाळ्यात चर अर्धा उघडा होता, यावर मी आबांशी जरा मोठ्या आवाजात बोललो आणि त्यांनी ऐकून घेतलं. फोन सहसा उचलत नाहीत. ज्यांना महिन्याभरात घर रंगवून पाहिजे त्यांनी यांच्याकडे जाऊ नका. एकूण खर्च मात्र पाडून बांधायच्या अंदाजाच्या आसपास सुद्धा गेला नाही.

सोसायटीच्या लोकांसाठी अजून एक. उपविधीत स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, आहे, ३० वर्षांवरच्या इमारतीला दर तीन वर्षांनी, आमच्याकडे ते कधी झालंच नव्हतं. सभेत सगळी लाईन पाडून रिडेव्हलपमेंट करू असं चाललंय, त्याला माझा विरोध नाही ज्यांची घरं खरंच गेलीत त्यांच्यासाठी, पण आधी प्रत्येक घराच्या मागची मोरी उकरून बघा. सामाईक भिंत आहे, एकाचा पाईप फुटला की ओल तीन घरांत जाते. सोलापूरला कुंभारीत विडी कामगार बायकांच्या सोसायटीने २००६ साली दहा हजार घरं उभी केली, मग सत्तर-ऐंशी घरांची आमची सोसायटी एकत्र येऊन मागच्या गल्लीची एक गटार नीट करू शकत नाही हे मला पटत नाही. शेजारच्या दोन घरांनी आबांना सांगितलंय, दिवाळीनंतर येतील.

काम संपल्यावर आबांनी त्याच जागी नव्या तीन काचा लावल्या होत्या. यंदाचा पाऊस श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत जोरात झाला, पोळ्यालाही झाला. काल संध्याकाळी बॅटरी घेऊन बघितल्या, तिन्ही अखंड आहेत.