मॅक्रो लेन्सचा थर्मल कॅमेरा: शॉर्ट शोधायला झकास, आकड्यांना कच्चा

मोबाईल रिपेअरिंग करणाऱ्यांसाठी लिहितोय. माझ्याकडचा थर्मल, म्हणजे उष्णता दाखवणारा, कॅमेरा २५६ × १९२ पिक्सेलचा, फोनला जोडायचा. शॉर्ट झालेल्या लाईनला पॉवर सप्लायवरून १ व्होल्ट दिला, की स्क्रीनवर लगेच ठिपका उजळतो. कॅपॅसिटर जेमतेम ०.६ × ०.३ मिलिमीटरचा, दाटीवाटीने बसलेल्या पाचसहांतला नेमका कोणता तापलाय, ते मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून बघायच्या, लेन्समुळे कळतं. लेन्स नसेल तर नुसता डाग. पूर्वी रोझिनचा (राळेचा) धूर देऊन बोर्डावर बसलेला त्याचा पांढरा थर कुठे वितळतो ते बघत बसायचो, वर बोर्ड पुसायचं काम वेगळंच.

आता खोड. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. त्यामुळे तापलेली शील्डही (चिपवरचं धातूचं झाकण) थंड दिसते, शिवाय तिच्यात आपलंच तोंड! तिथे पिवळी हीट टेप चिकटवा, मग बघा. आकड्यांवर विसंबू नका, दोनेक अंश इकडेतिकडे होतातच.

आणि हा ८ ते १४ मायक्रॉनच्या अवरक्त किरणांवर चालतो, त्याहून बारीक तपशील त्याच्याकडे मागू नये. चिपमधले एक-दोन मायक्रॉनचे तापते ठिपके बघायला थर्मोरिफ्लेक्टन्स लागतं: दृश्य प्रकाश टाकून, तापमानामुळे परावर्तनात पडणारा किंचित फरक मोजायचा. ते प्रयोगशाळेचं काम, आपल्या गाळ्यातलं नव्हे.

ॲप मात्र वैताग. लोकेशनची परवानगी कशाला हवी, देव जाणे. घेणार असाल तर लेन्ससकटच घ्या.