हीटरसाठी एक्स्टेन्शन: तयार घ्यावं की करून घ्यावं?

आईच्या खोलीत पॉवर पॉइंट एकच, तोही एसीसाठी वर बसवलेला. थंडीत एसी बंद, म्हणून तो मोकळा असतो. पण नाशिकच्या जानेवारीत हीटर हवा पलंगाच्या पायथ्याशी. खाली नवा पॉइंट काढून घेणं सगळ्यात उत्तम. भाड्याच्या घरात ते जमलं नाही, म्हणून एक्स्टेन्शन.

टीव्ही-चार्जरची 6 अँपिअरची पट्टी मी यात धरतच नाही. 2000 वॅटचा हीटर साधारण 8.7 अँपिअर खेचतो. त्याचा जाड पिनांचा प्लग कन्व्हर्टर लावून तिथे बसवणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

उरलं काय, तर दुकानातलं 16 अँपिअरचं तयार एक्स्टेन्शन, नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलेलं. तयार नीटनेटकं असतं, आयएसआय मार्क असेल तर मनाला स्वस्थता असते, आणि अनेकांकडे ते वर्षानुवर्षं विनातक्रार चालतही असेल. माझ्याकडचं दुसऱ्या हिवाळ्यात बिघडलं. सॉकेटची पकड सैल झाली. एकदा अर्ध्या तासाने हीटर बंद करून प्लग काढला, तर पिनांचा चटका बसला. सॉकेटच्या एका भोकाभोवती प्लास्टिक पिवळं पडलं होतं. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, पडला नव्हता, आणि पडणारही नव्हता. सैल जोडात उष्णता होते, पण करंट काही वाढत नाही. बरं, नुसतं सॉकेट बदलावं म्हटलं, तर ते खोकं उघडेचना! स्क्रू नव्हतेच, सगळं चिकटवून बंद केलेलं. तिथे माझं मन उडालं.

मग अडीच चौरस मिलिमीटरची थ्री-कोअर वायर, 16 अँपिअरचा प्लग टॉप आणि बोर्डात एकच सॉकेट असं करून घेतलं. वायर ताठ आहे, दिसायला बेंगरूळ आहे, खर्चही थोडा जास्त आला. शिवाय सगळं जोडणाऱ्याच्या हातावर अवलंबून. अर्थिंग जोडलंय ना, हे समोर उभं राहून बघावं लागतं. पण तिसरा हिवाळा चाललाय आणि तासाभरानंतरही प्लग जेमतेम कोमट लागतो. दर डिसेंबरला प्लग काढून बोर्ड उघडतो, स्क्रू आवळतो.

लांबी चारच मीटर ठेवली. त्यातली दोन खाली यायलाच जातात, आणि जास्त लांब घेऊन उरलेली वायर गुंडाळून ठेवली की गुंडाळीत उष्णता साचते. वरच्या प्लगवर वजन येऊ नये म्हणून वायर पडद्याच्या दांडीला बांधली आहे.