विद्यापीठाच्या इनक्युबेशन सेंटरमधील अकरा महिने: एका कडक भाकरीवाल्याचा अनुभव

भौगोलिक मानांकन मिळालेल्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची कडक भाकरी पाकीटबंद करून विकण्याचा माझा व्यवसाय आहे. राज्यातील एका विद्यापीठाच्या इनक्युबेशन सेंटरमध्ये, म्हणजे नव्या उद्योगांना शुल्क घेऊन बसायला जागा, प्रयोगशाळा आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्रात, मी अकरा महिन्यांपूर्वी प्रवेश घेतला तो एकाच कारणासाठी: पावसाळ्यात दुकानांतून परत येणारी, मऊ पडलेली पाकिटे.

हा प्रश्न तेथील अन्नतंत्र विभागाच्या प्रयोगशाळेने सोडवला. आम्ही भाजणीला दोष देत होतो. पण ताज्या आणि महिनाभर ठेवलेल्या भाकरीची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे पदार्थातील मोकळ्या पाण्याचे मान, मोजल्यावर साधी पिशवीच बाहेरचे बाष्प आत येऊ देत असल्याचे दिसले. अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेले पाकीट वापरल्यापासून परतीचा माल जवळजवळ थांबला आहे. ज्वारी दळल्यावर तिच्यातील स्निग्धांशामुळे पीठ लवकर खवट होते, हेही तेथेच नीट समजले. त्यामुळे आता पंधरा दिवसांचे पीठ एकदम दळून ठेवत नाही. या चाचण्या मासिक शुल्कातच झाल्या.

निधीच्या बाबतीत मात्र निराशा झाली. केंद्र सरकारची २०२१ मधील स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना ९४५ कोटी रुपयांची असून तिचा पैसा अशा सेंटरांमार्फतच दिला जातो, आणि संकल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. पण अर्ज करणारी संस्था दोन वर्षांहून जुनी नसावी लागते, शिवाय एकल मालकीच्या फर्मला मुळात स्टार्टअप म्हणून मान्यताच मिळत नाही. माझी फर्म एकल मालकीची आणि चार वर्षांची आहे. प्रवेशाच्या दिवशीच हे सांगता आले असते. मला ते कागदपत्रे गोळा करण्यात तीन महिने गेल्यावर कळले.

मार्गदर्शनाची सत्रे बहुतांशी अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी होती. शंभर शहरांत कसे पोहोचणार, हा प्रश्न मला चार वेळा विचारला गेला. भाकरी थापणाऱ्या हातांची संख्या एकदाही नाही. ती पाचवरून नऊ झाली आहे, आणि त्या सगळ्या जणी गावातल्याच आहेत. स्थानिक रोजगारासाठी स्थापन झालेल्या सेंटरच्या त्रैमासिक तक्त्यात नोंदणीकृत स्टार्टअप आणि झालेल्या कार्यशाळांचे रकाने आहेत, मजुरीचा नाही.

पुढील वर्षासाठी मी टेबल-खुर्चीची जागा सोडली असून केवळ प्रयोगशाळेचे सदस्यत्व ठेवले आहे.