साडेपाच हजारांचं रीळ, तापीचा कटला आणि नऊ महिने

आधीच सांगतो, मासे धरायच्या काठीचं हे रीळ मला कुणी फुकट दिलेलं नाही. स्वतःच्या गल्ल्यातले 5,600 रुपये मोजले आणि घरी 'अठराशेला पडलं' म्हणून सांगितलं. घरचं कुणी हे वाचणार नाही, या भरवशावर खरा आकडा लिहितोय.

दोंडाईच्यात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. आठवडाभर सबमर्सिबल पंप उघडायचे, जळालेली कॉइल कापून काढायची, बेअरिंग ठोकायचे. रविवारी गळ घेऊन सारंगखेड्याकडे तापीवर. दिवाळीनंतर तिथल्या बॅरेजचं, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याचं, पाणी अडलेलं असतं, गढूळपणा खाली बसतो आणि कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस चाऱ्यावर यायला लागतात. कटला-रोहू मूळचे आपल्या नदीचे नव्हेत. ते गंगेकडचे, मत्स्यबीज सोडून इकडे वाढवलेले. पण आठ-दहा किलोचा कटला एकदा गळाला लागला की तो कुठला रहिवासी हे विचारायला सवड नसते.

माझं जुनं रीळ अकराशे रुपयांचं. खोक्यावर मोठ्या अक्षरात '13 बॉल बेअरिंग'. माझा धंदाच बेअरिंगचा, म्हणून भुललो. मागच्या ऑक्टोबरात एका कटल्याने त्याची परीक्षा घेतली. मासा लागला, काठी वाकली आणि स्पूल, म्हणजे दोर गुंडाळलेली फिरकी, जागचा हललाच नाही. मग एकदम झटक्याने सुटला, पुन्हा अडकला, आणि तिसऱ्या झटक्याला 0.35 मिलिमीटरची तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, तुटली. घरी येऊन रीळ उघडलं. बेअरिंग मोजले तर चार, बाकी सगळे प्लास्टिकचे बुश. आणि खरा दोष तर बेअरिंगमध्ये नव्हताच. ड्रॅगमधले फेल्टचे वॉशर कोरडे पडून पत्र्याला चिकटले होते.

ज्यांनी रीळ कधी वापरलं नसेल त्यांच्यासाठी थोडं. ड्रॅग म्हणजे स्पूलवरचा ब्रेक. मासा ठरावीक जोराने ओढायला लागला की हा ब्रेक घसरतो आणि दोर सुटत जातो, त्यामुळे दोर तुटत नाही. मोठ्या माशासाठी रिळाचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. गुंडाळायचं काम काय, विहिरीवरचा रहाटही करतो. जागचं हलायला लागणारा जोर आणि एकदा हलल्यावर सरकत राहायला लागणारा जोर यांत फरक जितका कमी, तितका ड्रॅग चांगला. खोक्यावर 'मॅक्स ड्रॅग 12 किलो' असं छापलेलं असतं. तो आकडा आपल्या कामाचा नाही. दोर 10 किलोचा असेल तर ड्रॅग त्याच्या चौथाईवर, फार तर तिसऱ्या हिश्शावर लावायचा असतो. म्हणजे अडीच-तीन किलोवर तो लोण्यासारखा सुटतो का, एवढंच बघायचं.

म्हणून या वेळी सुरतच्या गाडीत बसताना दुकानातला स्प्रिंगचा काटा पिशवीत टाकला. तिथल्या दुकानदाराला वाटलं मी मासे मोजायला आलोय. त्याला म्हटलं, शेठ, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी चालवून बघतो, मलाही बघू द्या. दोराला काटा अडकवून सहा रिळं ओढून पाहिली. दोन रिळांचा काटा साडेतीनवर जाऊन धपकन दोनवर येत होता. ती लगेच बाजूला. जे घेतलं त्याचा काटा अडीचवर गेला आणि तिथेच थरथरत राहिला. याचे वॉशर कार्बन फायबरचे आहेत. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतोय, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि मला वाद नको.

रीळ आहे 6000 नंबरचं, म्हणजे मोठ्या आकाराचं, फ्री-स्पूल प्रकारातलं. या सोयीला प्रत्येक कंपनीने वेगळं नाव दिलंय. शिमानो 'बेटरनर' म्हणते, ओकुमा 'बेटफीडर', पेन 'लाइव्ह लाइनर'. गोष्ट एकच. मागच्या बाजूला एक खटका असतो. तो ओढला की मुख्य ब्रेक बाजूला होतो आणि स्पूल हलक्या ताणावर मोकळा फिरतो. तळाला ढेपेचा गोळा टाकून आपण काठी स्टँडवर ठेवतो, चहा घेतो. मासा गोळा तोंडात घेऊन निघतो, स्पूल टर्रर्र करत सुटतो, आपण धावत जाऊन हँडल थोडं फिरवलं की खटका आपोआप बसतो आणि मुख्य ड्रॅग लागतो. साध्या रिळावर अशा वेळी काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. जानेवारीत माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांची काठी स्टँडसकट पाण्यात गेली. ते मोबाईलवर जावयाशी बोलत होते. काठी गेली ती गेलीच.

माझा चारा साधाच. सरकीची ढेप रात्रभर भिजवायची, सकाळी त्यात शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं बेसन आणि एक जास्त पिकलेलं केळ कुस्करायचं. हिंग चिमूटभर. बडीशेप घालणारेही आहेत, मला फरक जाणवला नाही.

काठावर एक नाना असतात. वय सत्तरीच्या पुढे, सगळा जन्म नदीवर गेलेला. त्यांचं रीळ म्हणजे दारूची रिकामी बाटली. तिच्यावर तंगूस गुंडाळलेली, गळ भिरकावतात आणि दोर अंगठ्याखालून सोडतात. माझं नवं रीळ हातात घेऊन त्यांनी उलटंपालटं केलं.

"कितलाले पडनं हाई?"

"साडेपाच हजार, नाना."

"इतलामां ते बकरी येस रे भाऊ."

पण डिसेंबरात पहिला मोठा मासा लागला तेव्हा माझ्या मागे तेच उभे होते. स्पूल सुटत होता आणि मी घाबरून ड्रॅगची कळ आवळायला गेलो, तशी मागून हाक आली, "वढू नको! जाऊ दे त्याले!" कळीवरचा हात काढला. मासा सरळ प्रवाहाकडे निघाला, साठ-सत्तर मीटर तरी गेला असेल. तिथे थांबला. मग काठी हळू वर उचलायची, खाली नेताना गुंडाळायचं, पुन्हा उचलायची. मासा दोर ओढत असताना हँडल फिरवायचं नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं. अशा रिळात स्पूल सुटत असताना हँडल फिरवलं की एक इंच दोर आत येत नाही, नुसता पीळ पडत जातो. पंचवीस मिनिटांनी कटला काठाला आला. साडेअकरा किलो. नानांनी गालफडात बोट घालून उचलला आणि त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले, गळ ओठाच्या कडेला होता, आणखी एक हिसका बसता तर गेला असता.

इथे एक हिशोब मांडतो, वाइंडिंगवाल्याला राहवत नाही. भरलेल्या स्पूलचा व्यास 54 मिलिमीटर. मासा दोर घेऊन पळाला आणि व्यास 40 वर आला, तर ब्रेक तोच असूनही दोरावरचा ताण 54 भागिले 40, म्हणजे 1.35 पट होतो. अडीच किलोवर लावलेला ड्रॅग कळीला हात न लावता 3.4 किलोच्या आसपास जातो. म्हणजे मासा लांब गेला की ड्रॅग आवळायचा नसतो, उलट किंचित सैल करायचा असतो. आणि म्हणूनच मोठा स्पूल हवा. माझ्या स्पूलवर 0.35/240 असं लिहिलंय, म्हणजे 0.35 जाडीचा दोर 240 मीटर. मी 0.40 भरला. जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात लांबी घटते, तेव्हा 184 मीटर बसायला हवा होता. मी 180 भरला आणि कडेपासून दोन मिलिमीटर जागा उरली, जेवढी हवी तेवढीच. काठोकाठ भरला तर वेटोळी आपोआप निसटून गुंता होतो.

ब्रेडेड लाईन, म्हणजे विणलेला दोर, घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. मी दोन महिने वापरली. बारीक असते, ताणत नाही, माशाचा साधा स्पर्शही हाताला कळतो. पण आपल्याकडे नदीतला खडक काळा आणि धारदार. ताणलेली ब्रेडेड त्याला घासली की खेळ संपला. शिवाय ती थेट स्पूलला बांधली तर सगळी गुंडाळीच स्पूलवर गोल फिरते आणि ड्रॅग बिघडला असं वाटतं. खाली आठ-दहा मीटर साधी तंगूस घालावी लागते. मी पुन्हा साध्या नायलॉनवर आलो.

आता माझा मूर्खपणा. फेब्रुवारीत मी हे रीळ उघडून सर्व्हिस केलं. गरज नव्हती, हात शिवशिवत होते. गिअरला ग्रीस लावलं ते ठीक. पण हँडल उलटं फिरू नये म्हणून आत जे एकतर्फी बेअरिंग असतं, सायकलच्या फ्रीव्हीलसारखं, फक्त दातांऐवजी बारीक रोलर, त्यातही मी पंपाच्या बेअरिंगला भरतो तसं दाबून ग्रीस भरलं. पुढच्या रविवारी चांगला रोहू लागला. मी काठी उचलली आणि रोलर ग्रीसमध्ये घसरले. हँडल उलटं, पंख्यासारखं फिरलं आणि त्याची मूठ माझ्या बोटांच्या पेरांवर तीनदा बसली. चौथ्यांदा बसायच्या आत मी रीळच सोडलं. मासा गेला, नख काळं पडलं, ते अजून पूर्ण उगवलेलं नाही. पेट्रोलने धुऊन, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाकला, तेव्हापासून ठणठणीत. तिथे ग्रीस नको, एवढं लक्षात ठेवा.

कंपनीच्या माथी मारायच्या गोष्टीही आहेत. बेल आर्मच्या, म्हणजे दोर स्पूलवर गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीच्या, टोकाला दोर ज्यावरून वळतो ती छोटी चकरी मार्चमध्ये फिरायची थांबली. आत नदीचा बारीक गाळ जाऊन सिमेंटसारखा बसला होता. चकरी थांबली की दोर तिच्यावर घासतो, खरवडतो, पिळतो, आणि आपण दोराला शिव्या देतो. साफ केली, पण दर चार-पाच फेऱ्यांनी करावी लागते. इतक्या पैशांत तिथे झाकण नीट हवं होतं. स्पूलवरची दोर अडकवायची प्लास्टिकची चिमटी एप्रिलमध्ये तुटली. हँडलच्या मुठीचा फोम उन्हात चिकट झाला. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो, त्यात थोडी माझीही चूक, पण फोम इतका नाजूक कशाला? जादा स्पूल ऑनलाइन मागवला तर भलत्याच नंबरचा आला आणि परत करायला तीन आठवडे फोन करावे लागले.

वजन 600 ग्रॅमच्या पुढे. तळाला गळ टाकून बसायचं असेल तर हरकत नाही. पण मरळीसाठी दिवसभर ल्यूर, म्हणजे नकली चारा, फेकत काठाने हिंडणार असाल तर हे घेऊ नका, खांदा निघून येईल. त्याला 3000 नंबरचं हलकं रीळ पुरतं. गिअर 4.8 ला 1 आहे, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात साधारण 80 सेंटीमीटर दोर येतो. संथ आहे, पण जड मासा ओढताना संथ गिअर हाताला हलका जातो. वेगाचा मोह मला तरी नाही.

रोजच्या सवयी दोनच. घरी आलो की ड्रॅगची कळ पूर्ण सैल. जुन्या रिळाचे वॉशर महिनोन्‌महिने आवळलेले राहून चपटले होते. आणि रीळ नळाखाली जोरात धुवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. जोराच्या पाण्याने गाळ आणखी आत जातो.

गळ टाकण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेत विचारून घ्या, अशा पाण्याचा ठेका बहुधा त्यांच्याकडे असतो. बॅरेजच्या दरवाजांच्या आसपास तर जाऊच नका. सध्या बॅरेजची दारं उघडी आहेत, मासा गाभोळीला आहे, म्हणून माझा गळ बंद.

परवा स्पूलवरचा दोर काढला. नवा भरायचाय, कारण वरचा भाग उन्हाने पांढुरका पडलाय. नानांना म्हटलं, हा तुमच्या बाटलीवर घ्या, फुकट आहे. त्यांनी दोर अंगठ्याच्या नखावरून ओढत नेला, सावकाश, डोळे मिटून. पन्नासेक मीटरवर एका जागी थांबले, तिथे दाताने तोडला, पांढुरका तुकडा मला परत दिला आणि आतला कोरा दोर बाटलीवर गुंडाळायला लागले.