घराण्याचा शोध घ्यायला नगर वाचनालयाचा संदर्भ विभाग किती कामाचा?

रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०) अशा शहरांतली वाचनालयं पावणेदोनशे-दोनशे वर्षांच्या घरातली आहेत. कथा-कादंबऱ्यांसाठी वर्गणी भरणाऱ्या बहुतेक सभासदांना संदर्भ विभागातली कुलवृत्तांतांची, म्हणजे एकेका घराण्याची माहिती आणि वंशावळ देणाऱ्या पुस्तकांची, फळी ठाऊकही नसते. वंशावळीच्या कामासाठी ही सेवा चांगली आहे, पण कोणासाठी, ते आधी पाहायला हवं.

छापील कुलवृत्तांत प्रामुख्याने चित्पावनांचे. त्याखालोखाल कऱ्हाडे, सारस्वत आणि काही सरदार-देशमुख घराण्यांचे. बाकीच्यांनी या फळीवर फार वेळ घालवू नये. त्यांचे पूर्वज तहसीलच्या अभिलेख कक्षात सापडतात: जुने फेरफार, वारस नोंदी, गाव नमुना १४ (जन्ममृत्यूची नोंदवही, ज्याला कोतवाल बुक म्हणतात). शिवाय गावच्या शाळेतलं जनरल रजिस्टर. वाचनालयाचा उपयोग गावाची माहिती काढण्यापुरता. त्यासाठी जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, मात्र उत्तम. रत्नागिरी-सावंतवाडीचा इंग्रजी खंड १८८०चा आहे.

संगणकावर ‘कुलवृत्तांत’ टाकून काही आलं नाही, तर लगेच उठू नका. जुनी शीर्षकं ‘कुलवृत्तान्त’ अशी छापलेली आहेत आणि नोंदणी करणाऱ्याने ती तशीच उतरवलेली असतात. ‘घराण्याचा इतिहास’, ‘वंशावळ’, ‘कैफियत’ हेही शोधा. दशांश वर्गीकरणात (पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावण्याच्या पद्धतीत) वंशावळीचा आकडा ९२९, पण ही पुस्तकं ९२० मध्ये चरित्रांत किंवा ९५४ मध्ये इतिहासात शिरलेली असण्याची शक्यता मोठी. सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे जुनी हस्तलिखित दाखल नोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात लिहितात ती) मागणं. पुस्तकं बंद कपाटात असतात, घरी मिळत नाहीत. चिठ्ठीवर दाखल क्रमांक लिहून द्यावा लागतो.

घरून निघताना आजोबा-पणजोबांची पूर्ण नावं, गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव लिहून न्या. आडनाव एकटं कुचकामी आहे. कुलवृत्तांतात एका आडनावाची अनेक घराणी गावानुसार वेगळी दिलेली असतात, आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याच्या रिवाजामुळे गोविंद रामचंद्र, रामचंद्र गोविंद, पुन्हा गोविंद रामचंद्र अशी साखळी लागते. इथेच सर्वाधिक घोटाळा होतो: मधल्या दोन पिढ्या गळतात किंवा चुलत शाखा आपली वाटू लागते. नाव जुळलं की भावांची नावं आणि पत्नीचं माहेर जुळतंय का ते पाहा. तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. पत्नीचं नाव फक्त ‘सरस्वती’ एवढंच आणि पुढे माहेराची जागा कोरी, हेही नेहमीचंच. स्त्रियांच्या बाबतीत ही पुस्तकं कंजूष आहेत.

सालांचं गणित पाठ हवं. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा. पण तिथी जानेवारीपासून चैत्र प्रतिपदेपूर्वीपर्यंतची असेल तर ७९. म्हणजे माघ शके १७२० हे १७९९. सुहूर सन (पेशवाईच्या कागदांत येणारी अरबी कालगणना) मृगाला बदलतो, म्हणून त्यात जून ते डिसेंबर ५९९ आणि पुढे ६०० मिळवा. पानिपतच्या (जानेवारी १७६१) वेळचा सुहूर ११६१ यावरून ताळा घेता येतो.

कुलवृत्तांतांवर विश्वास किती ठेवायचा याबद्दल बोलायचं तर, संपादक मंडळांनी माहिती घरोघरी छापील पत्रकं पाठवून गोळा केली. ज्यांनी उत्तर दिलं नाही ती शाखा गायब. छपाईच्या आधीच्या तीन-चार पिढ्या बऱ्यापैकी पक्क्या, त्यामागच्या ऐकीव. मूळ पुरुषाच्या गोष्टीला पुरावा समजू नका. पेशवाईतला कागद हवा तर पुणे पुरालेखागार आहे, आणि तिथे मोडी वाचता आली पाहिजे. वाचनालयातला कर्मचारी ते वाचून देईल अशी अपेक्षा नको.

शेवटच्या पानाला चिकटवलेला घडीचा वंशवृक्ष हा खरा ऐवज, आणि घडीवर तोच फाटतो. झेरॉक्सचा आग्रह धरू नका. पुस्तक यंत्रावर उलटं दाबलं की शिवण सुटते. परवानगी घेऊन, फ्लॅश बंद ठेवून, वरून सरळ फोटो काढा. पहिला फोटो मुखपृष्ठाचा, दुसरा प्रकाशन साल असलेल्या पानाचा, तिसरा संक्षेपांच्या यादीचा. या यादीशिवाय ‘ज.’, ‘मृ.’, ‘शि.’ यांचा अर्थ लागेल, पण घराण्याचे आणि पिढीचे आकडे घरी येऊन उलगडणार नाहीत.